लेबलावर चालू नाव लिहू की खरं?

वेंगुर्ल्याची वहिनी

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याच्या बाजारात आमचं मसाल्याचं आणि कोकणमेव्याचं दुकान आहे. डब्यांवरची नावं सासऱ्यांनी ऑइलपेंटने रंगवलेली, तीच आजवर चालली. गिऱ्हाईक सगळं गावातलं, डब्यावरचं वाचतंय कोण! "वयनी, ता दी गे, बांगड्याक घालूचा," एवढं म्हटलं की झालं. आता मुलीने व्हॉट्सॅपवर कॅटलॉग काढलाय, पुण्या-नाशकाहून ऑर्डरी येतात, आणि पाकिटांवर छापील लेबलं करायची आहेत. छापखान्यात द्यायला यादी लिहायला बसले तेव्हा दिसलं की निम्म्या मालाचं नाव एक आणि माल भलताच.

तिरफळापासून सांगते, कारण भांडण तिथूनच सुरू झालं. नाशिकच्या एका गृहस्थांचा मेसेज आला, "त्रिफळ पाव किलो पाठवा." पाव किलो तिरफळ म्हणजे घरात वर्ष-दोन वर्षं बांगड्याचं तिखलं होईल. मला वाटलं खानावळ असणार, पाठवून दिलं. मग फोन. त्यांनी ते कुटलं, वस्त्रगाळ केलं आणि रात्री कोमट पाण्यातून चमचाभर घेतलं, पोट साफ व्हावं म्हणून! ओठ-जीभ बधिर झाल्यावर घरच्यांना वाटलं अर्धांगवायूचा झटका. डॉक्टरांकडे नेलं, तासाभरात जीभ परत आली आणि पहिला उपयोग तिचा माझ्यावर झाला.

त्यांना हवा होता त्रिफळा, म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा. आमचं तिरफळ म्हणजे एका काटेरी झाडाचं बोराहून लहान फळ. वाळवलं की उकलतं, आतली काळी बी टाकून द्यायची आणि साल तेवढी ठेचून कढीत सोडायची. जीभ बधिर करणं हा तर त्याचा गुणच. चिनी हॉटेलवाले जी सिचुआन मिरी वापरतात ती ह्याच कुळातली. पण कुणीतरी शुद्ध लिहायच्या नादात 'तिरफळ'चं 'त्रिफळ' करतं आणि मसाला थेट औषधाच्या फडताळात जाऊन बसतो.

दुसरं कोकमतेल. रातांब्याच्या बियांतून निघणारं, रत्नागिरीकडे मुठेल म्हणतात ते. पायाच्या भेगांवर ह्याच्यासारखं दुसरं काही नाही. नाव तेल, पण साधारण चाळीस अंशांपर्यंत ते वितळतच नाही. मुठीत वळलेला पांढुरका घट्ट गोळा, तसाच विकायचा. पुण्याच्या एका बाईंनी पार्सल परत पाठवलं, सोबत चिठ्ठी: "तेल मागवले होते, मेण आले." आता काय सांगू? लेबलावर 'कोकमलोणी' लिहू? मग ते पोळीला लावतील.

गुळवेल घ्या. कारल्याला लाजवेल इतकी कडू आणि नावात गूळ. गोडा मसाला गोड नसतो, गोडं तेल गोड नसतं. साबुदाण्याचं मूळ नाव साबूच्या ताडाचं, त्या ताडाच्या खोडातून निघणाऱ्या पिठाचं. आपल्याकडे येतो तो तामिळनाडूतल्या सेलमकडचा, टॅपिओका नावाच्या कंदाचा, आणि तो कंदही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. एकादशीला खाणाऱ्यांना ह्याचं सोयरसुतक नाही, मलाही नाही. मालवणी मसाल्याचं तर विचारूच नका. बेडगी मिरची कर्नाटकातल्या ब्याडगीची, संकेश्वरी संकेश्वरची. मालवणचे काय ते प्रमाण आणि भाजणाऱ्या बाईचा हात.

मुलगी म्हणते सगळी नावं शास्त्रशुद्ध करू. हे म्हणतात, "नाव बदललंस तर गावातलं गिऱ्हाईक पण तुटात." मला दोघांचंही पटत नाही. गोड्या मसाल्याने कुणी फसत नाही, तिरफळाने माणूस दवाखान्यात जातो. तर मला एवढंच सांगा: कोणती नावं खरंच माणसाला गोत्यात आणतात? तेवढ्यांच्या खाली एक ओळ घालेन. बाकी राहू देत जशी आहेत तशी. अजून जायपत्री, नागकेशर आणि समुद्रफेन यादीत आहेत. नागकेशराचं तर मलाच कोडं आहे, तीन व्यापारी तीन वेगळे जिन्नस त्याच नावाने देतात.

दापोलीचे मास्तर

वहिनी, चाळीत राहणाऱ्याला तीन नावांनी हाका मारतात तसं नागकेशराचं झालंय, फक्त इथे उलट: एका हाकेला तीन जण ओ देतात. आयुर्वेदाच्या ग्रंथातलं नागकेशर म्हणजे नागचाफ्याच्या फुलातले पुंकेसर. तुमच्याच वेंगुर्ला तालुक्यात सुरंगीच्या कळ्या वाळवून व्यापाऱ्याला देतात, त्या बाजारात तांबडं नागकेशर म्हणून जातात. गजऱ्याला घेता तीच सुरंगी, फांदीला थेट लगडणारी. तिसरं काळं नागकेशर, म्हणजे दालचिनीच्या कुळातल्या झाडांची कच्ची, देठासकट वाळवलेली फळं. तिन्हींत केशर औषधालाही नाही. मसाल्यात घालणाऱ्याला चवीपुरता फरक पडेल, पण वैद्याने लिहून दिलेलं आणायला कुणी आलं तर पंचाईत. म्हणून ह्या एका पाकिटावर मात्र झाडाचं नाव छापाच. 'सुरंगीच्या कळ्या' असं सरळ लिहा, तो कमीपणा नव्हे. सुरंगीला मागणी आहे.

जायपत्रीने कुणाचं नुकसान होत नाही, पण नाव मात्र पार फसवं. आमच्या बागेत दोन झाडं आहेत, त्यामुळे हे हाताने सोललेलं आहे. फळ पिकलं की मधोमध तडकतं. आत काळपट तपकिरी कवच आणि त्याला आवळून बसलेली लालभडक जाळी. ही जाळी म्हणजे जायपत्री. वाळली की पिवळट नारिंगी होते. कवच फोडलं की जायफळ. म्हणजे जायपत्री हे पान नाही आणि जायफळ हे फळ नाही, ती बी आहे. खरं फळ म्हणजे बाहेरची जाड साल, तिचं आम्ही लोणचं घालतो आणि तिला नावच नाही! शिवाय ह्या झाडाचा जाईशी काडीचा संबंध नाही. मूळचं ते इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' अशा जाती दिल्या, माडा-पोफळीच्या सावलीत बऱ्या येतात. बियांपासून लावली तर निम्मी झाडं नर निघतात आणि ते कळायला पाच-सात वर्षं जातात, म्हणून कलमंच घ्या. (विषयांतर झालं, पण बागायतदार वाचत असतील तर.)

काजूचं तुम्ही लिहिलं नाहीत. लोक बोंडाला फळ म्हणतात. बोंड म्हणजे फुगलेला देठ. खरं फळ म्हणजे खाली लोंबणारी ती वाकडी बी, टरफलासकट. टरफलातल्या तेलाने कातडी सोलवटते हे तुमच्याकडच्या कारखान्यातल्या बायकांना मी सांगायला नको. ओले काजूगर विकता का? मग त्यावर एक ओळ घाला, कारण शहरातली माणसं ओली बी अख्खी मिळाली की दाताने फोडायला जातात. ओठ भाजतात. हे तिरफळाहून वाईट.

मुलीला सांगा, शास्त्रशुद्ध करायचं म्हटलं तर मिरचीपासून सुरुवात करावी लागेल. पोर्तुगीजांनी आणलेल्या तिखटाला आपण मिरीवरून नाव दिलं. दोन्ही झाडांचं एकमेकांशी नातं नाही. इंग्रजांनीही हेच केलं. चार-पाचशे वर्षं चाललेली चूक आता दुरुस्त करून कोण काय मिळवणार?

आणि आमच्या सड्यावर खवले मांजर आहे, ओढ्याला पाणमांजर आहे, माडावर उदमांजर आहे. ह्यांतलं एकही मांजर नाही. पोरांना वर्गात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग गुरुजी, मांजर तरी मांजर हाय काय?"

खाडीकाठची

मी रायगडकडची, घरात होड्या. वहिनी, समुद्रफेन तुम्ही विकता आणि आम्ही किनाऱ्यावर तुडवतो. फेन म्हणजे फेस, पण फेसाचा आणि त्याचा संबंध नाही. ते माकूल नावाच्या समुद्री जनावराच्या पाठीतलं हाड, आणि खरं म्हणाल तर ते हाडही नव्हे, आतला शिंपला. हलकं, पांढरं, नखाने खरवडलं तर पीठ निघतं. पावसाळा सरता सरता लाटांबरोबर ढिगाने येतं. पोपट-लव्हबर्डवाले चुन्यासाठी घेतात, सोनार त्यात साचे कोरतात, वैद्य औषधात घालतात. ह्याच्यावर 'माकलाचं हाड' लिहाच, कारण शाकाहारी माणसं बिनधास्त विकत घेतात. मला ही एकच गोष्ट खटकते. तेलाला लोणी म्हणा नाहीतर मेण म्हणा, पण न खाणाऱ्याला कळायला पाहिजे की हे जनावर होतं.

मासळीची नावं काढली तर रात्र सरेल. बोंबलाला इंग्रजीत 'बॉम्बे डक' म्हणतात. बदक! मेलगाडीच्या डब्यातून सुके बोंबील जायचे, वास यायचा, म्हणून 'बॉम्बे डाक' आणि त्याचं डक झालं, अशी गोष्ट सगळे सांगतात. मस्त आहे, पण आपली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली 1853 साली आणि हे नाव त्याच्याआधीच्या इंग्रजी लिखाणात सापडतं. तेव्हा रेल्वेला सोडून द्या. रावसाला मोठ्या हॉटेलात 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, सॅल्मनचं आणि त्याचं गोत्र वेगळं. रावसच बरा, मी तर म्हणते.

आता गोत्यात आणणारं नाव विचारलंत ना? 'व्हेलची उलटी'. पेपरात दर काही महिन्यांनी येतं, अमक्या बंदरावर उलटी विकताना पकडले. उलटी म्हटल्यावर पोरांना वाटतं की माशाने ओकलं, वाळूत पडलं, आपण उचललं, त्यात गुन्हा काय? स्पर्म व्हेल माकूल आणि तसली जनावरं खातो, त्यांच्या चोची पचत नाहीत, त्या आतड्यात साचून त्याभोवती हा मेणासारखा गोळा धरतो. बहुतेक तो मागच्या वाटेनेच बाहेर पडतो. पण कुठून का पडेना, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो जवळ ठेवायलाही बंदी आहे, विकायचं तर लांबच. पोरं आयुष्यातून उठतात ह्याच्यापायी.

देवमासा मासा नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे. 2023 साली गणपतीपुळ्याला पिल्लू लागलं तेव्हा त्याला ओलं ठेवायला माणसं झटली. तो हवेत श्वास घेणारा प्राणी, तरी वाळूवर स्वतःच्याच वजनाखाली दबतो. शेवटी वाचलं नाही ते. उलट व्हेल शार्क हा नावात व्हेल असून खराखुरा मासा, कल्ल्यांनी श्वास घेणारा. ह्या फरकाचा आम्हाला धंद्यात उपयोग आहे: तो जाळ्यात आला तर जाळं कापून सोडायचा, आणि फोटो-व्हिडिओ काढून ठेवला तर जाळ्याचे कमाल 25 हजारापर्यंत सरकारकडून मिळतात. लेबलाशी ह्याचा संबंध नाही, पण लिहून ठेवते.

लालबागचा चाकरमानी

वहिनी, तुमच्या नाशिककरांपेक्षा माझा ऑफिसमधला मित्र बरा. त्याला गावी नेलं, खानावळीत कोंबडीवडे मागवले. त्याने पहिला वडा फोडला, आत बघितलं. दुसरा फोडला. मग मालकाला हाक मारून म्हणाला, "ह्यात कोंबडी घालायला विसरलात." तांदळा-उडदाच्या पिठाचे वडे, त्यात कोंबडी कुठून येणार! मालक शांतपणे म्हणाला, "ती वाटीत असा. वाटीतली कोंबडी, ताटातले वडे."

सोलकढीचंही तेच. त्याने विचारलं ताक किती घालता. ताक नाही, बेसन नाही, चुलीवर चढतच नाही, तरी कढी.

पण सगळ्यात फसवं नाव रेल्वेचं. सावंतवाडी रोड, राजापूर रोड. ज्याला माहीत नाही तो तिकीट काढतो आणि उतरल्यावर विचारतो, गाव कुठाय? 'रोड' लावलं की समजायचं, गाव इथे नाही, रस्ता इथून सुरू. सावंतवाडी रोड आहे मळगावात. राजापूर रोडला उतरून राजापूर शहरात पोचायला अर्धा-पाऊण तास मोडतो. गणपतीत रिक्षाचा भाव निराळा. त्यातल्या त्यात प्रामाणिक नाव म्हणजे हेच, असंही म्हणता येईल. रस्ता आहे असं लिहिलंय आणि रस्ता आहेच.

आणि हापूस विसरलात? वाशीच्या मार्केटात पेटीवर देवगड छापलेलं, आत कर्नाटकचा आंबा, वर आपल्याकडच्या पेपरची रद्दी. ह्याला फसवं नाव म्हणायचं की नाही?

वेंगुर्ल्याची वहिनी

चाकरमानी भाऊ, हापूस ह्या यादीत घालणार नाही मी. तिरफळाचं नाव कुणी मुद्दाम बिघडवलेलं नाही, कोकमतेलाला तेल म्हणणाऱ्या आजीच्या मनात खोट नव्हती. देवगडची पेटी आणून त्यात दुसरा आंबा भरणं ही लबाडी, तिथे नाव बरोबरच असतं, माणूस खोटा. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशा पाच जिल्ह्यांना मिळून. तेव्हा त्याचं भांडण कायद्याने होऊ दे, माझ्या लेबलाने नको. (कर्नाटकचा आंबा वाईट असतो असं नाही हां. कर्नाटकचा म्हणून विका, मी स्वतः घेईन.)

खाडीकाठच्या ताई, शाकाहारी गिऱ्हाइकाचं तुम्ही बोललात ते माझ्या डोक्यातच आलं नसतं. आमच्याकडे समुद्रफेन नेणारे निम्मे वैद्याच्या चिठ्ठीवर येतात आणि त्यांत न खाणारेही असतात. ती ओळ सगळ्यांत मोठ्या अक्षरात जाणार.

मास्तर, सुरंगीचं पटलं. एका व्यापाऱ्याला काल विचारलं, तुमचं नागकेशर कुठल्या झाडाचं? म्हणाला, "नागकेशराच्या." त्याचा माल आता बंद.

मुलीशी बसून एवढं ठरवलंय. वर मोठ्या अक्षरात चालू नाव, गावात म्हणतात तेच. खाली ओळ फक्त पाच पाकिटांवर:

तिरफळ: मासळीच्या कढीचा मसाला. पोटाचं त्रिफळा चूर्ण हे नव्हे. बी काढून साल वापरा.
कोकमतेल: घट्टच असतं. लावण्यासाठी. तळहातावर चोळून पातळ करा.
ओली काजूबी: सोललेली नाही. दाताने फोडू नका, तेलाने कातडी भाजते.
नागकेशर: सुरंगीच्या वाळवलेल्या कळ्या.
समुद्रफेन: माकलाचं हाड. शाकाहारी नाही.

गुळवेलीखाली मुलगी 'कडू' असं लिहूया म्हणत होती. मी नको म्हटलं. एकदा चाखली की कळतं.

छापखानेवाला म्हणतो पाच वेगळी लेबलं केली तर हजाराच्या खाली छापणार नाही. समुद्रफेनाचं एक हजार लेबल माझ्या नातवाच्या लग्नापर्यंत पुरेल. कुणाच्या माहितीत कमी छापणारा असेल तर कळवा, कुडाळ-सावंतवाडीकडचा असला तरी चालेल.

दापोलीचे मास्तर

त्या पाचांसाठी छापखाना नकोच. चालू नावाचं एकच लेबल छापून घ्या आणि खालच्या ओळीचा रबरी शिक्का करून घ्या, प्रत्येकी एक. आमच्याकडे शाळेत सगळी प्रगतिपुस्तकं अशीच व्हायची. एक सूचना: कोकमतेलाच्या पाकिटाला तेलाचा हात लागतो, साधी शाई पसरते. प्लॅस्टिकवर चालणारी, लगेच वाळणारी शाई मागा.

खाडीकाठची

आणि समुद्रफेन लागला तर मला सांगा, व्यापाऱ्याकडून घेऊ नका. नवरात्राच्या सुमारास पोरं गोणीभर गोळा करतात. गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून, उन्हात वाळवून देईन, नाहीतर पाकिटाला वास मारेल. भाडं एसटीच्या पार्सलचं तुमचं.